मधलं भांडं

माझ्या नाकावर राग असतो, हे लोणखेड्यात आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण शेळ्यांवर मी कधी रागावले नाही. दुःख भोगलेल्या जनावराला पुन्हा चांगल्याची आशा वाटते का, हाच माझ्या पीएच.डी.चा विषय.

तळोद्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेने मला गोठा आणि बारा शेळ्या दिल्या होत्या. या शेळ्या आधीच्या मालकाकडे दोन वर्षं हातभर दोरीला बांधलेल्या होत्या. त्यांची परीक्षा साधी. भांडं डाव्या कोपऱ्यात ठेवलं की आत दाणे, उजव्या कोपऱ्यात ठेवलं की रिकामं. आठ दिवसांत शेळी हे शिकते. मग एके दिवशी भांडं बरोबर मध्ये ठेवायचं आणि घड्याळ लावायचं. चटकन गेली, तर तिला वाटतं, असेल काहीतरी. उभीच राहिली, तर तिला वाटतं, आपल्या नशिबी कुठलं? माणसांचं तरी काय वेगळं असतं?

पहिल्या परीक्षेत त्यांना मधल्या भांड्यापाशी जायला सरासरी अठरा सेकंद लागले. मग आम्ही दोर सोडले, चढायला ओंडके आणि दगड दिले. गोठा सांभाळणाऱ्या फुलीबाई त्यांना रोज डोंगराच्या कडेला चारून आणू लागल्या. महिन्यानंतर पुन्हा परीक्षा होती. शेळ्या सावरल्या असतील तर त्या फुलीबाईंच्या पाड्यावरच्या बचत गटाला मिळणार होत्या, नाहीतर बाजारात विकल्या जाणार होत्या. फुलीबाई दरसाल दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जात. शेळ्या मिळाल्या तर यंदा घर सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

जुने दाणे संपत आले म्हणून मी घरून, आमच्या शेतातला नवा मका फुलीबाईंकडे आणून दिला, डाव्या-उजव्या भांड्याची उजळणी करून घेतली आणि दुसरी परीक्षा सुरू केली. निकाल आधीपेक्षा वाईट लागला. काजळी नावाची शेळी ओंडक्यावर सगळ्यांच्या वर चढून बसायची, पण भांड्यासमोर तीही सव्वीस सेकंद नुसती उभी राहिली. मी वहीत लिहिलं, दोन वर्षांचं दुःख महिन्यात जात नाही. आमच्या सरांनाही फोनवर ते पटलं. फुलीबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि त्या शेण काढायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवायचा होता. भांडी आवरायला कोठीत गेले, तर माझ्या मक्याचं पोतं जसंच्या तसं शिवलेलं. डावीकडच्या भांड्यात जुन्या पोत्याच्या तळाचे किडके दाणे होते, निम्मे तर पीठच झालेले. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी फुलीबाईंना नाही नाही ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, नवं धान पहिले देवले," त्या म्हणाल्या. "मंग माणूसले, मंग बकरीसले. अजून पूजा नही व्हयनी."

धान्य आमच्या शेतातलं आहे, असं मी म्हणाले. नवं ते नवं, कोणाचं का असेना, असं त्यांचं म्हणणं. मग यापायी शेळ्या हातच्या गेल्या तर?

"तं मी ऊस तोडाले जासू."

मला लाज वाटली. मला पीएच.डी. हवी होती त्याहून जास्त त्यांना त्या शेळ्या हव्या होत्या, आणि तरी त्यांनी पोत्याची शिवण उसवली नव्हती. भांडं कोण भरतं, कशाने भरतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. किडके दाणे चाखलेली शेळी भांड्याकडे धावत नाही, यात निराशा कसली, ती शहाणीच म्हणायची. दुःख लवकर जात नाही असं मी पुस्तकात वाचून आले होते, म्हणून मला तेच दिसलं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, आणि मी तर त्या काविळीवरच संशोधन करायला निघाले होते.

सरांना फोन करून मी चूक कबूल केली आणि पंधरा दिवस मागून घेतले. सर कुरकुरले, पण त्यांनी दिले. आठवड्याने पाड्यावर पूजा झाली. फुलीबाईंनी आपल्या कणसांशेजारी माझ्या मक्याची मूठही देवापुढे ठेवली. गोठ्यावर परत येऊन पोतं त्यांनीच उसवलं. डाव्या भांड्यात चांगले दाणे असतात, हे शेळ्यांना पुन्हा कळायला पाच-सहा दिवस गेले.

परीक्षेच्या दिवशी मी घड्याळ जीपवाल्या जालमसिंगच्या हातात दिलं. आता माझ्या अंगठ्याला शेळ्या जिंकायला हव्या होत्या, त्यामुळे त्याचा भरवसा नव्हता. जालमसिंगला काहीच ठाऊक नव्हतं. दार उघडलं की दाब, तोंड भांड्याला लागलं की दाब, एवढंच मी त्याला सांगितलं.

काजळी शेवटी आली. दार उघडलं आणि ती सरळ मध्ये गेली. जालमसिंग म्हणाला, चार. मधलं भांडं नेहमीच रिकामं असतं. तिने आत बघितलं, आमच्याकडे बघितलं. दुसऱ्या खेपेला ती पुन्हा तशीच गेली, पाच सेकंदांत. बाराजणींची सरासरी सात आली. मला हुंदका आला, आणि जालमसिंग बिचारा घड्याळ चुकलं की काय म्हणून ते उलटंपालटं करून बघू लागला.

मी संस्थेला आकडे कळवले. दुपारी होकार आला. फुलीबाईंना सांगितलं. पदराला हात पुसून त्यांनी कमरेचा फोन काढला आणि ऊसतोडीच्या मुकादमाला लावला.

"औंदा मी येत नही," त्या म्हणाल्या. "मन्हाकडे बकऱ्या शेतस."