खिडकी सरकल्याचा आवाज

साचिएने गाद्यांचं कपाट उघडलं आणि रजया गाऊ लागल्या.

निदान तिला तसं वाटलं खरं. ती दोन पावलं मागे सरली, मग धीर करून तिने वरची रजई उचलली. खाली उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला नवऱ्याचा नवाकोरा हेडफोन होता. त्याची वायर दाराच्या फटीतून बाहेर येऊन अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेली होती, आणि अभ्र्याच्या आत एक बाई जीव तोडून गात होती.

"अहो, हे काय? गाद्यांना गाणी ऐकवताय होय?"

शिओमी वर्तमानपत्रामागून म्हणाला, "मुरायला ठेवलाय. नवा असताना आवाज आवळलेला असतो म्हणे. शंभर तास वाजत ठेवला की मोकळा होतो."

"मग सरळ मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपात घालायचात. तिथे सगळं मुरतं." साचिएने रजई पुन्हा नीट पांघरली, जणू आत कुणी आजारी माणूस निजलं होतं. "किती तास झाले?"

"एकसष्ट."

"मग? झाला मोकळा?"

शिओमीने पान उलटलं. उत्तर टाळायचं म्हणून नव्हे, त्याला खरोखरच ते ठाऊक नव्हतं. आणि हीच गोष्ट त्याला गेला आठवडाभर खात होती.

कारण हा माणूस कानावर जगलेला. क्योतोच्या रस्त्यांखालचे पाण्याचे नळ कुठे गळतात ते शोधायचं, ही त्याची चौतीस वर्षांची नोकरी. लांब लोखंडी कांबीचं एक टोक नळाच्या झडपेवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि श्वास रोखून उभं राहायचं. मोटारी, सायकली, देवळातली घंटा, सगळं बाजूला सारून खालची बारीक सरसर तेवढी ऐकायची. "शिओमीने सांगितलं ना? मग खणा," असं मुकादम म्हणायचे आणि खणल्यावर तिथे पाणी निघायचं. असा हा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी आयुष्यातला पहिला भारी हेडफोन घेतो आणि तो चांगला आहे की वाईट, हे त्यालाच सांगता येत नाही.

ओसाकाच्या दुकानात तर सगळं स्वच्छ होतं. पांढरे हातमोजे घातलेल्या विक्रेत्याने तो दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तसा पुढे केला होता. शिओमीने तो डोक्यावर चढवला आणि त्याची आवडती गायिका त्याच्या कपाळाच्या आत उभी राहून गायला लागली. त्याचे डोळे भरून आले. एक लाख शहाऐंशी हजार येन मोजताना त्याचा हात एकदाही अडखळला नाही. किंमत थोडी कमी व्हावी म्हणून घरचे जुने स्पीकरही त्याने दुकानात देऊन टाकले.

घरी आल्यावर मात्र ती बाई फार जवळ आली. वरचा सूर लावण्याआधी ती आवंढा गिळते, हे त्याला तीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. आता तो त्या आवंढ्याचीच वाट बघत बसायचा आणि गाणं तेवढ्यात निघून जायचं. कुणाची तरी खुर्ची करकरायची. तिसऱ्या गाण्यात रेकॉर्डवर ओरखडा होता, तो तर कानात सुई टोचावी तसा लागायचा. म्हणून सोमवारी त्याने तीच रेकॉर्ड नवी आणली आणि जुनी रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. मंगळवारी वाटलं, वा, याला म्हणतात ऐकणं! बुधवारी वाटलं, आपण फसलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. दुकानदाराने परत घ्यायला आठ दिवसांची मुदत दिली होती, म्हणजे येत्या रविवारपर्यंतची. अट एकच, वस्तूवर डाग नको आणि वास नको.

पण एवढा खटाटोप त्याने केला तो स्वतःच्या हौसेसाठी नव्हता, आणि ही गोष्ट त्याने दुकानदाराला सांगितली नव्हती. त्याने तो घेतला होता शेजारच्या खिडकीपायी.

त्यांची गल्ली एवढी अरुंद की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागे. शिओमीच्या माडीच्या खिडकीसमोर, हातभर अंतरावर, उमेगाकीबाईंची खिडकी. वय चौऱ्याऐंशी, एकट्या. शिओमीचा नेम असा की कामावरून यायचं, आंघोळ करायची आणि सात वाजता, जेवणाआधी, रेकॉर्डची एक बाजू ऐकायची. गेल्या शरदात एका संध्याकाळी गाणं सुरू झालं आणि पाठोपाठ समोरून आवाज आला. गर्रर्र-ठक्. लाकडी खिडकी खाचेतून सरकल्याचा.

शिओमी काय ते समजला. क्योतोत जन्मलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. इथे "आवाज कमी करा" असं कुणी तोंडावर म्हणत नाही आणि म्हणायची वेळ आणणारा माणूस गल्लीच्या मनातून कायमचा उतरतो. त्याने लगेच आवाज उतरवला. बाजू संपल्यावर खिडकी पुन्हा सरकली. बरोबर आहे, कटकट थांबली म्हणून उघडली असणार. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्याने आणखी उतरवला. हिवाळ्यात पुन्हा. मे महिना उजाडेपर्यंत तो स्वतःच स्पीकरला कान लावून बसू लागला होता, आणि तरीही एका संध्याकाळी समोरून गर्रर्र आलंच. आता उतरवायला काही उरलंच नव्हतं. डोकावून बघावं, तर दुसऱ्याच्या खिडकीत डोकावणं म्हणजे गल्लीत चोरीइतकंच वाईट.

"बिचारी म्हातारी फार सोसते गं," तो साचिएला म्हणाला होता आणि त्याच शनिवारी ओसाकाला गेला होता.

हेडफोन आल्यापासून त्याने एक-दोनदा सातच्या ठोक्याला तो कानावरून उतरवून बघितला. समोर चिडीचूप. खिडकी सरकली नाही. चला, निदान म्हातारी तरी सुखात आहे. मग आपल्यालाच का चैन पडत नाही?

शुक्रवारी संध्याकाळी गल्लीच्या सूचनांची फळी आली. ती वाचायची, शिक्का मारायचा आणि पुढच्या घराच्या दाराला अडकवून यायचं, हा नेहमीचा रिवाज. पुढचं घर उमेगाकीबाईंचं. शिक्का मारताना शिओमीची नजर, कावळे येऊ नयेत म्हणून कचऱ्यावर जाळी टाकायच्या पाळ्यांवर गेली. जूनपासूनच्या यादीत उमेगाकी या नावावर पट्टीने आखलेली एक सरळ रेघ होती.

"साचिए, हे बघितलंस?"

साचिएने बघितलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. "आपल्याला कुणी बोललंसुद्धा नाही."

"इथे बोलतं कोण?" शिओमी म्हणाला. आज त्याने फळी दाराला अडकवली नाही, दार वाजवलं.

"या, या शिओमीसान. पसारा आहे, बघू नका हं." उमेगाकीबाई ताठ उभ्या होत्या, केस नीट विंचरलेले. मागे दोरीने बांधलेली खोकी रचलेली होती.

कुठे निघालात, असं विचारणं उद्धटपणाचं झालं असतं. शिओमी म्हणाला, "मोठी साफसफाई काढलेली दिसते."

"हो ना, जरा मोठीच. मुलाकडे चाललेय, नागोयाला. परवा रविवारी सामानाची गाडी येईल." मग त्यांनी फळी हातात घेतली. "शिओमीसान, असं सरळ विचारणं बरं नव्हे. पण आता जायचंच आहे, तर विचारून टाकते. माझ्या खिडकीचा तुम्हाला फार त्रास झाला ना?"

"मला?" शिओमीला वाटलं, आपण वाक्य उलटं ऐकलं. "तुम्हाला झाला! माझ्या गाण्यांचा."

"छे, काहीतरीच! मी ऐकायला म्हणून उघडायची हो. आणि उघडली रे उघडली की तुम्ही आवाज कमी करायचात. मला वाटलं, खिडकी करकरते, बिचाऱ्याला सुखाने ऐकता येत नाही. पण आवाज कमी झाला की मला ऐकू येईना, मग अजून थोडी उघडायची. तुम्ही अजून कमी करायचात. गेल्या आठवड्यात तर बंदच केलंत. म्हटलं, आता मात्र माणूस चिडला. मग खाचेत मेणबत्ती घासली. आता मुळीच वाजत नाही. तीन दिवस सातला उघडून बसले. पण गाणं नाहीच."

"उघडायचात?" शिओमी म्हणाला.

"मग? बंद कशाला करीन?"

शिओमी तिथेच पायरीवर बसला. चार हात मातीखालचं पाणी ज्याला ऐकू यायचं, त्याला हातभरावरची खिडकी उघडते आहे की मिटते आहे, ते आठ महिने कळलं नव्हतं. खाच तीच, लाकूड तेच, आवाज तोच. त्याने फक्त आवाज ऐकला होता आणि अर्थ आपल्या पदरचा लावला होता. ऐन हिवाळ्यात ही चौऱ्याऐंशी वर्षांची बाई गारठ्यात खिडकी उघडून बसत होती आणि तो एकेक काटा आवाज कमी करत होता. त्याला रडू येतंय की हसू, तेही समजेना.

"मी हेडफोन घेतला," तो कसाबसा म्हणाला. "तुम्हाला त्रास नको म्हणून."

उमेगाकीबाईंनी तोंडावर हात धरला. त्या हसल्या, बराच वेळ हसल्या आणि मग बाहीने डोळे पुसले. "किती सभ्य हो आपण दोघं! मेलो असतो तरी विचारलं नसतं." खिडकीपाशी एक उशी आणि एक रिकामा कप होता, त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "ते तिसरं गाणं मला फार आवडतं. त्यात ती बाई 'बंदरावर, बंदरावर' असं दोनदा म्हणते बघा. एकदाच म्हणाली असती तर एवढं आत लागलं नसतं."

ती बाई एकदाच म्हणत होती. दुसऱ्यांदा म्हणत होता तो ओरखडा, सुई मागे उडायची म्हणून. शिओमीने ते सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी त्याने दुकानात फोन केला. हेडफोन परत आणतो, माझे स्पीकर मला द्या. विक्रेत्याने फार अदबीने, तीनदा क्षमा मागून सांगितलं की स्पीकर गुरुवारीच विकले गेले. हेडफोन मात्र उद्यापर्यंत आणला तर अवश्य घेऊ. साहेब, डाग आणि वास तेवढा सांभाळा.

संध्याकाळपर्यंत शिओमी माडीवर नुसता येरझाऱ्या घालत होता. पावणेसातला त्याने हेडफोन खिडकीत ठेवला आणि आवाज पूर्ण वर चढवून बघितला. बाटलीत कोंडलेल्या डासासारखी गुणगुण आली. ती हातभर अंतर ओलांडून कुठली जाणार?

साचिए जिना चढून आली. तिच्या कडेवर मुळ्याचं लाकडी पिंप होतं. रिकामं, धुतलेलं, पण तीस वर्षांच्या खाराचा वास काही धुऊन जात नाही.

"यात ठेवा. तोंड समोरच्या खिडकीकडे करा. आवाज घुमेल."

"अगं, वेडी का काय तू? वास बसेल त्याला! मग दुकानवाला हातसुद्धा लावणार नाही."

"मग नका ठेवू," साचिए म्हणाली आणि पिंप खाली ठेवून उभी राहिली.

शिओमीने हेडफोनकडे बघितलं. काळं मऊ कातडं, चकचकीत कड्या. आठवडाभर ज्याचं उत्तर सापडत नव्हतं ते त्याला आत्ताही सापडलं नाही. तो चांगला होता की वाईट, कोण जाणे. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि पिंपात ठेवला. मग खाली जाऊन रद्दीच्या गठ्ठ्यावरची जुनी रेकॉर्ड आणली, बाहीने पुसली आणि सात वाजता तिच्यावर सुई टेकवली.

पिंप गाऊ लागलं. आवंढा गेला, खुर्ची गेली, विक्रेत्याने वाखाणलेलं सगळं गेलं. उरला तो एक जाडसर, जुना, घरगुती आवाज. शिओमी श्वास रोखून उभा राहिला, झडपेपाशी उभा राहायचा तसा, समोरची गर्रर्र कधी येते त्याची वाट बघत. पहिलं गाणं संपलं. दुसरं अर्धं झालं. समोरून काही नाही.

"आल्या नाहीत," तो पुटपुटला.

"अहो, मेण," साचिए म्हणाली. "बघा तरी."

आयुष्यात पहिल्यांदा शिओमीने वाकून दुसऱ्याच्या खिडकीत बघितलं. खिडकी सताड उघडी होती. उमेगाकीबाई उशीवर बसल्या होत्या, डोळे मिटलेले, मागच्या भिंतीवर आता काहीही टांगलेलं नव्हतं. तिसरं गाणं आलं, सुई उडाली आणि त्यांचे ओठ दोनदा हलले.

बाजू संपली. उमेगाकीबाईंनी डोळे उघडले, समोर वाकलेल्या शिओमीला बघितलं आणि बसल्या जागेवरून खाली वाकून नमस्कार केला. त्यानेही केला. मग त्यांनी दोन्ही हातांनी खिडकी ओढून घेतली. शिओमी कान देऊन उभा होता, पण काही ऐकू आलं नाही.