तूकडिके

इंदिरा नवऱ्याला पुन्हा पुन्हा फोन लावत होती. तीनदा फोन लावला, तीनदा नुसती रिंग. शंभूराव उचलेनात. रस्त्यावर पडले तर नसतील ना?

आणि चूक तिचीच! साताऱ्याहून लग्न होऊन मैसूरला आली त्याला सहा महिने झाले, पण कानडी काही जिभेवर बसेना. सकाळी नवऱ्याच्या सर्दीसाठी चामराजपुरमच्या औषधवाल्याकडे गेली. त्याने गोळ्या देताना भराभरा कानडीत काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द तिच्या कानात शिरला: तूकडिके. म्हणजे तुकडे करून द्यायच्या! बाई मोठी शहाणी. दोन गोळ्यांचे चार-चार तुकडे केले आणि चहाबरोबर नवऱ्याला गिळायला लावले. शंभूराव देवराज मोहल्ल्यातले शिंपी. लग्नाचे ब्लाउज पोचवायला स्कूटरवरून पिरियापट्टणला निघूनही गेले.

मग शेजारचे दामोदरराव आले, निवृत्त इंग्रजी मास्तर. बशीतला चुरा बघून त्यांनी गोळ्यांचं पाकीट वाचलं आणि खो खो हसत सुटले.

"अय्यो, इंदिरा! तूकडिके म्हणजे पेंग गं! तूकडिके बरुत्ते, म्हणजे पेंग येते! हे बघ, इंग्रजीत छापलंय, ड्राउझीनेस. मोठा गमतीचा शब्द. गुंगी आलेला माणूस ड्राउझी, आणि सुस्तावलेली दुपारही ड्राउझीच. आता मूळ बघशील तर..." शब्दाचं मूळ हाती लागलं की मास्तरांना काळवेळ दिसत नसे. "जुन्या इंग्रजीत अर्थ काय, तर ढळणं. पडणं."

"पडणं?" तिने झटकन फोन उचलला. "अहो मास्तर, ते स्कूटरवर आहेत!"

मास्तरांचं हसू तिथल्या तिथे विरलं. तेव्हापासून ती फोन लावत होती.

चौथ्यांदा तो उचलला गेला. हेल्मेटात खुपसला असावा. वाऱ्याचा घोंघाट, आणि त्यात शंभूरावांचा जडावलेला आवाज. "काय गं... डोळे मिटतायत नुसते... पोचतोच आता..."

पेंग, गुंगी, झोप, भीतीने तिला एक मराठी शब्द सुचेना. ती गळा फाडून ओरडली, "तूकडिके! तूकडिके बरुत्ते! थांबा हो!"

करकचून ब्रेक लागला. पाठोपाठ लॉरीचा लांबलचक हॉर्न. मग काहीच नाही.

"अहो?" तिला रडू फुटलं. "अहो, बोला ना!"

"थांबलो," शंभूराव म्हणाले. आता आवाज पुरता जागा होता. "रस्त्याच्या उजव्या अंगाला उभा आहे मी, इंदिरा. इकडे कधी आलो, कळलंच नाही."