मानाची डिस्क

डिसेंबर नव्व्याण्णवची गोष्ट. नेवासा रोडवरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मुंबईच्या कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेला मेनफ्रेम कॉम्प्युटर आला होता. कपाटाएवढं धूड! त्यावर नुकतीच लिनक्स नावाची प्रणाली चढवलेली. माधुरी तिथली हंगामी लॅब असिस्टंट, आणि तिच्या जिवाला त्यातल्या एका डिस्कचा घोर लागलेला.

तिच्या वडिलांनी, नानांनी, आठ वर्षं सतरा गावांच्या विहिरींत दोर सोडून पाणी मोजलं होतं. वह्याच्या वह्या भरल्या. माधुरीनं ते सगळं मशीनवर टाइप केलं आणि महिन्याभरात वह्या वाळवीनं खाल्ल्या. दुसरी प्रत ठेवायची टेप तर कधीचीच बिघडलेली. म्हणजे नानांची आठ वर्षं आता त्या एकाच डिस्कवर.

त्यात देणगीतून एक नवी डिस्क आली. जुनी ए, म्हणून ही बी. ती फॉरमॅट करायची, म्हणजे पुसून कोरी करायची होती. "बी डिस्क फॉरमॅट करा," अशी चिठ्ठी मशीन बघणाऱ्या इंजिनिअरनं माधुरीला लिहून दिली आणि तो रजेवर जायच्या तयारीला लागला. पण देणगीदार सत्काराला येणार म्हटल्यावर संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब हटून बसले. "पाहुण्यांची डिस्क पहिल्या नंबरावर. मान त्यांचा!" इंजिनिअरनं जाता जाता नव्या डिस्कला मशीनमधला पहिला नंबर देऊन टाकला. अध्यक्षांपुढं बोलणार कोण? चिठ्ठी बदलायची मात्र राहिली.

नारळ फुटला, मशीन सुरू झालं. लिनक्स जोडलेली उपकरणं आपणच हुडकतं आणि नंबरांच्या क्रमानं ए, बी अशी नावं देत जातं. माधुरीनं चिठ्ठीबरहुकूम कमांड दिली. नक्की पुसायचं ना, मशीननं विचारलं. तिनं 'येस' टाइप केलं. एंटर तेवढा राहिला.

तोच तिची नजर डिस्कच्या क्षमतेच्या आकड्यावर गेली. नवी तर ह्याच्या तिप्पट मोठी! अगं बाई, ही जुनीच. नवी पुढं घुसली म्हणून जुनीची बी झाली.

"दाबा की बाई, पाहुणे ताटकळलेत," आप्पासाहेब म्हणाले.

"सर, ही ती डिस्क न्हाई."

"चार लोकांत शोभा करू नका. सरका, मी दाबतो."

त्यांचा हात पुढं आला. माधुरीनं घाईघाईनं 'येस' पुसलं, 'नो' टाइप केलं आणि एंटर दाबला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळतंय! आप्पासाहेबांनी मात्र पडद्यावरचं 'नो' वाचलं.

"सोमवारपासून येऊ नका," ते तिच्या कानाशी म्हणाले.

"न्हाई येत," ती म्हणाली. कॉलेजात इतकी वर्षं सांभाळलेली भाषा पार सुटली होती. "पन नानांच्या हिरी छापून घेतल्याबिगर हलायची न्हाई."

प्रिंटर करकरायला लागला. पहिली ओळ आली: कडूबाईची विहीर, पाणी बावीस हातांवर. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.