गुडघ्याच्या वर

शारदाबाई न्हाणीघरात घसरल्या तेव्हा मनोहरराव मिसरोद गावातल्या आपल्या घरासमोरच्या बागेला पाणी घालत होते. आवाज ऐकून ते धावत आले, तोवर त्या भिंतीला धरून उभ्याही राहिल्या होत्या.

"कुठे लागलं?"

"गुडघा. तुम्ही जा, नळ तसाच सुरू आहे."

उभी राहिली म्हणजे हाड शाबूत, असं मनोहररावांनी धरलं. मंडीदीपच्या कारखान्यात बेअरिंगं बदलण्यात त्यांची उमर गेली होती. थांबलेलं यंत्र गंजतं, फिरतं टिकतं, यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा. त्यांनी शारदाबाईंच्या गुडघ्यावर क्रेप बँडेज घट्ट बांधलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ हाताला धरून त्यांना अंगणात फिरवू लागले.

"अहो, पुरे की आता."

"तुळशीपर्यंत चल. नाहीतर सांधा धरेल."

"मी काय तुमची मोटर आहे?"

"मोटर एवढी कुरकुरत नाही."

त्या हसल्या. पुढचं पाऊल टाकताना त्यांनी ओठ दाताखाली धरला, तेही मनोहररावांनी पाहिलं. गुडघे जुनेच दुखरे, त्यात नवल काय!

गुडघा दुखत होता हे खोटं नव्हतं. पण कळ वरून, जांघेतून उतरत होती. आणि जांघ हा शब्द शारदाबाईंनी कधी पुरुषमाणसापुढे उच्चारला नव्हता. नवऱ्यापुढेही नाही. दोन बाळंतपणं त्यांनी 'पोटात दुखतंय' एवढ्यावर निभावली होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तुळशीपाशी वळताना त्या मटकन खाली बसल्या. पाय घसरला नव्हता, ठेच लागली नव्हती. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि मग त्यांना पाय उचलताच येईना.

दवाखान्यात डॉक्टर गौरी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. मूळची ग्वाल्हेरची, वयाने त्यांच्या मुलीएवढी. तिने आधी हात लावला नाही, नुसतं पाहिलं. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं होतं. तिने टाच धरून पाय अगदी हलकेच फिरवला, तशी शारदाबाईंनी चादर मुठीत आवळली.

"काकू, जांघेत दुखतं ना?"

शारदाबाईंनी मनोहररावांकडे पाहिलं, मग छताकडे. आणि मान डोलावली.

एक्स-रे आला. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली होती.

"पडल्यावर चालल्या होत्या का?" गौरीने विचारलं.

मनोहररावांनी तोंड उघडलं, पण शारदाबाईच आधी बोलल्या, "छे! ह्यांनी मला हलूसुद्धा दिलं नाही. आज मीच उठले, ह्यांना न सांगता."

बाहेर आल्यावर मनोहरराव म्हणाले, "ती खोटं बोलली. मी चालवलं तिला. रोज."

गौरी म्हणाली, "काका, कधी कधी हाडाचे दोन्ही तुकडे एकमेकांत रुतून बसतात. मग माणूस लंगडत का होईना, चालतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, म्हणून फसायला होतं."

"माझ्यामुळे सरकलं का, तेवढं सांगा."

"सरकलं असेल. न चालताही सरकतं. पण नेमकं कुठे दुखतंय हे कळलं असतं, तर तेव्हाच फोटो काढून स्क्रू घालून भागलं असतं. आता हाडाचा वरचा गोळा बदलावा लागेल. त्यांचं हृदय कमजोर आहे, धोका आहे. पण नुसतं पडून राहण्यात त्याहून जास्त."

ऑपरेशनच्या सकाळी मनोहरराव शारदाबाईंच्या उशाशी बसले. "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? ते काय सांगायचं असतं?" मग जरा वेळाने, "डॉक्टरीणबाईंना तुम्ही काही बोलू नका. मी सांगितलंय तेच राहू दे."

ऑपरेशन नीट झालं. वॉकर धरून त्या एकदा उभ्याही राहिल्या आणि म्हणाल्या, "बघा, सुरू झाली तुमची मोटर." पण छातीत कफ साठला, ताप चढला, आणि थकलेल्या हृदयाला तो भार पेलला नाही.

भेटायला येणारी माणसं दारातून आत येताच विचारत, काय झालं हो एकाएकी? नातेवाईक परस्पर सांगत, गुडघ्याचं दुखणं होतं, पडण्याचं निमित्त झालं. मनोहरराव ऐकून घेत. एका दुपारी शेजारच्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. कुणीतरी पुन्हा गुडघा म्हणालं.

"गुडघा नाही," मनोहरराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. "जांघेत दुखत होतं तिला. तिला ते सांगता आलं नाही, आणि मी चालवत राहिलो."

बायकांनी माना खाली घातल्या. कुणी पदर सारखा केला, कुणी पाण्याचा पेला उगाच जवळ ओढला. थोड्या वेळाने एकेक जण उठून गेली.

शेवटी प्रमिलाताई राहिल्या, कोपऱ्यावरच्या घरातल्या. गेल्या महिन्यात त्या जिन्यात पडल्या होत्या आणि अजून काठी टेकत होत्या. दारापाशी त्या थांबल्या.

"भावजी," त्या उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाई बसतात कुठे?"

मनोहररावांनी चपला शोधल्या. "तुम्ही चालू नका," ते म्हणाले. "बसा इथेच. मी रिक्षा आणतो."