खोट्या घरात राहिलेली चाल

मी एक जुनं, खोटं घर आहे. दचकू नका मित्रांनो, मी काही भुतांचं घर नाही. मी संगणकाच्या पोटातलं एक साधं फोल्डर आहे. माझा जन्म एका मोठ्या तळ्याकाठच्या थंडर बे गावात, आर्वो लाहतेलाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला, आणि तोही एका पोरीच्या रडण्यामुळे.

आर्वो बंदरावरच्या धान्याच्या कोठारात विजेची कामं करायचा. त्याचा संगणक इतका थकला होता की नवीन विंडोज त्याला पेलवेना. मग त्याच्या मित्राने, लॉईडने, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी प्रणाली चढवली आणि तो म्हातारा संगणक तुरुतुरु पळायला लागला. पण आर्वोच्या अकरा वर्षांच्या मुलीने, सिल्वीने, भोकाड पसरलं. तिचा लाडका खेळ फक्त विंडोजवर चालायचा. न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यात फुकट आलेली सीडी ती! एका तळ्याभोवती दोघांनी रूळ टाकायचे, बंदरं बांधायची. एकाची चाल झाली की दुसऱ्याची. घरात माणसं दोनच, आणि दोघंही अबोल. त्यांचं बोलणं त्या खेळातच व्हायचं.

"रडू नकोस," आर्वो म्हणाला. "आपण त्या खेळाला फसवू."

म्हणून त्याने मला बांधलं. खेळ आला आणि दारातूनच विचारता झाला, "विंडोज आहेत का घरी?" मी म्हटलं, "आहेत की! या, बसा!" माझ्यात विंडोजच्या नावाची खोली होती, सी ड्राइव्ह होता, सगळं नुसतं सोंग. सोबतीला एक दुभाष्या होता. खेळ विंडोजच्या बोलीत काही मागायचा, दुभाष्या ते लिनक्सला समजेल असं सांगायचा. बिचारा कधी चुकायचाही. खेळातलं निळं तळं आमच्याकडे जांभळं दिसायचं.

"बाबा, पाणी बघ, जांभळं!"

"असू दे की. निळं बघायचं तर खिडकीतून बघ."

लॉईड दहादा म्हणाला, दुरुस्त करून देतो. सिल्वीने त्याला हात लावू दिला नाही. मलाही बरंच वाटलं. खोट्या घराला स्वतःचं असं काहीतरी हवंच ना!

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या नावाच्या आधी एक टिंब आहे. लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणारी नावं नजरेआड असतात, मुद्दाम 'दाखव' म्हटलं तरच दिसतात. आर्वोने हे सिल्वीला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "टिंबवाल्यांना विसरू नकोस," तो म्हणायचा. "दिसत नसली तरी ती असतात."

आठ वर्षं आम्ही सुखात काढली. मग सिल्वी जहाजं बांधायचं शिकायला दूर हॅलिफॅक्सला निघाली. आर्वोला ते जड जात होतं. पण ते बोलून दाखवेल तो आर्वो कसला! निघायच्या दिवशी त्याने आपली चाल खेळली आणि खुर्ची मागे सरकवली.

"तुझी चाल राहिली. परत येशील तेव्हा खेळ."

"आत्ताच खेळते ना, बाबा. मिनिटाचं काम."

"नको. आल्यावर." आणि अंगणातला बर्फ उपसायला गेला.

तो बाहेर असताना सिल्वीने टिंबवाली नावं उघडली, माझी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि तो कोटाच्या खिशात टाकला. मित्रांनो, त्या दिवशी मी दोन झालो. एक मी आर्वोजवळ राहिलो, आणि तुमच्याशी बोलणारा हा मी हॅलिफॅक्सला गेलो.

तिथे सिल्वी मला रविवारी उघडायची. जांभळं तळं यायचं, वर अक्षरं यायची: 'सिल्वीची चाल'. ती हनुवटीवर हात ठेवून बघत बसायची. कधी माउस हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. मला वाटायचं, खेळ की गं बाई! किती तिष्ठत ठेवशील? पण नाही. पहिलं वर्ष हट्टात गेलं, पुढची कामात, आणि त्यानंतर आपण इतकी वर्षं घरी गेलोच नाही याचीच तिला लाज वाटू लागली. नाताळला फोन व्हायचा. बर्फ किती पडला, रस्ते साफ झाले का, संपलं. अशी सात वर्षं गेली.

मग एका फेब्रुवारीत, नाताळ नसताना, आर्वोचा फोन आला. सिल्वी घाबरलीच.

"बाबा? बरा आहेस ना?"

"मी बरा आहे. सिल्वी, तुझी चाल गेली माझ्या हातून."

तिकडे दुभाष्याची नवी आवृत्ती आल्यावर खेळ उघडेना. लॉईड म्हणाला, घर जुनाट झालंय, पाड आणि नवं बांध, दोन मिनिटांचं काम. वर त्याने विचारलंही, सगळ्याची प्रत काढलीस ना? आर्वोने काढली होती. जे जे दिसत होतं त्या सगळ्याची. जन्मभर ज्याने टिंबवाल्यांचा धडा दिला, तोच नेमका टिंबवाल्याला विसरला आणि त्याची प्रत न काढताच घर पाडून बसला. आणि अर्धवट राहिलेला डाव तर माझ्याच पोटात असतो.

"नवीन घरात खेळ झकास चालतो," आर्वो म्हणाला. "तळं निळंशार आहे. मला बघवत नाही गं. दर शनिवारी सौनात वाफ घेऊन आलो की कॉफी घेऊन तुझी चाल बघत बसायचो. तेवढंच होतं."

माझ्या जुळ्याची ही बातमी मी अशी ऐकली. मला फार वाईट वाटलं.

"बाबा, मी एक चोरी केली होती," सिल्वी म्हणाली. "जाताना प्रत आणली होती. जांभळ्या तळ्यासकट."

"मग खेळलीस असशील."

"नाही. तूच म्हणालास ना, आल्यावर."

"अगं, सात वर्षं? तेवढ्यासाठी? गाढव कुठली!"

"कोणावर गेलेय?" सिल्वी म्हणाली आणि दोघंही हसता हसता रडायला लागली. मग तिने नाक पुसलं. "थांब, आत्ता पाठवते. क्षणात येईल तुझ्याकडे."

"पाठवू नकोस," आर्वो म्हणाला. "घेऊन ये."

शुक्रवारी मी पुन्हा तिच्या कोटाच्या खिशात होतो. संध्याकाळी, ज्या टेबलावर जन्मलो तिथेच उतरलो. लॉईडने आधीच येऊन माझ्यापुरता जुना दुभाष्या परत आणून ठेवला होता. आर्वोने वेलदोड्याचा पाव कापला. सिल्वी बसली आणि तळ्याच्या उत्तरेला एक रूळ टाकला. सात वर्षं अडलेली चाल अर्ध्या मिनिटात झाली. वर अक्षरं आली: 'आर्वोची चाल'.

आर्वोने चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "उद्या खेळतो."

"बाबा, रविवारी माझं विमान आहे."

"मग रविवारी खेळतो."

मित्रांनो, मी बेगडी आहे, माझ्या भिंती खोट्या आहेत. पण माझ्यात एका बापाची सात वर्षं सुखरूप राहिली. तुमच्या घरातही जुन्या, बिघडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागा असतील. त्या पाडू नका असं मी म्हणत नाही. पाडण्याआधी आत कोण राहतं ते एकदा बघा आणि त्याला हात धरून बाहेर काढा. आणि तुमची कोणाकडे चाल राहिली असेल तर माझ्यासारख्याला तिष्ठत ठेवू नका. लवकर जा.

रविवारी सिल्वीने बूट घातले तरी आर्वोने चाल खेळली नव्हती. दारातून ती ओरडली, "बाबा, खेळ ना! मग मी तिकडून माझी पाठवीन."

आर्वो अंगणातून आत आला आणि माउसवर बोट टेकवून टेबलाशी बसला. मग त्याने मला न खेळताच बंद केलं.

"माझी चाल राहू दे," तो म्हणाला. "आता मी येतो तिकडे."