बदललेले पान

"काका, हे वाक्य जरा मोठ्यानं वाचा," म्हणत दाभणने बांधून झालेले पुस्तक काकांसमोर धरले.

दाभण म्हणजे छापखान्यातला बाइंडर. अंगाने इतका वाळका की काकूंनीच त्याला ते नाव दिले होते, आणि आता त्याची बायकोही त्याला त्याच नावाने हाक मारी.

काकांनी चष्मा सारखा केला. पुस्तक मधमाश्या पाळण्याविषयीचे होते. "'पाऊस चालू असताना पेटी उघडून ये.'" ते थांबले. "उघडून ये?"

"'उघडू नये' असणार. न अलीकडं सरकलाय. पुठ्ठे चढवताना सहज नजर गेली. सगळ्या प्रतींत तसंच आहे, आणि हे लिहिणाऱ्या मधवाल्या बाई उद्या प्रती न्यायला येणार."

आतल्या खोलीतून काकू कपांत चहा ओतत असल्याचा आवाज येत होता. काकांनी पुस्तक मिटून कागदांच्या थप्पीखाली सारले.

काका-काकूंचा छापखाना लहानच होता. पुढे यंत्र, मागे बांधणीची खोली आणि खिडकीपाशी काकूंचे टेबल. काका शाईचे आणि कागदाचे माणूस. शाई किंचित फिकी उतरली तरी यंत्र थांबवणारे. अक्षर मात्र काकूंचे. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ यंत्रावर चढली नव्हती. लेखकमंडळी त्यांना पाठीमागे 'चाळण' म्हणत, आणि ते कळल्यावर काकू खूशच झाल्या होत्या.

पण अलीकडे त्या एकच ओळ दोनदा वाचू लागल्या. वाक्याच्या शेवटी पोचल्यावर त्याची सुरुवात त्यांना आठवेना. चष्मा बदलून झाला. मग डॉक्टरांनी सांगितले, दोष डोळ्यांचा नाही. हे हळूहळू वाढेल आणि गेलेले परत येणार नाही. त्या दिवशी दोघे चालत घरी आले. वाटेत काकू फक्त भाजीच्या भावाबद्दल बोलल्या. त्यानंतर आजाराचा विषय कोणी काढला नाही.

तेव्हापासून काकू संध्याकाळी वर घरात गेल्या की काका त्यांची प्रुफे पुन्हा वाचत. त्यांच्याच पेन्सिलीने, त्यांच्यासारख्या खुणा करत. मधमाश्यांच्या पुस्तकाच्या वेळी काका तापाने पडले आणि काही पाने तशीच यंत्रावर गेली.

मधवाल्या बाई आल्या त्या नेहमीप्रमाणे दारातूनच बोलत. काकांनी त्यांना पान दाखवले. बाई खदखदून हसल्या. "म्हणजे भर पावसात पेटी उघडून या घरी!" मग हसू ओसरले. "पण काका, नवशिके पुस्तक हातात धरूनच पेटीपाशी उभे राहतात हो. पावसात झाकण काढलं तर पिल्लं गारठून मरतील."

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "या पानांचं प्रूफ मी वाचलं होतं."

"तुम्ही?" बाईंनी विचारले.

काकू मागच्या फडताळापाशी उभ्या होत्या. त्यांनी येऊन पुस्तक हातात घेतले, ओळ शोधली, ओठ हलवत वाचली. पुन्हा वाचली.

"हे मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "हे माझं आहे."

"अगं, तू कशाला—"

"राहू द्या हो. मी संध्याकाळी पेन्सिलीला टोक काढून ठेवते. सकाळी बघावं तर बोथट. उंदीर वाचतात का प्रुफं?"

दाभणला हसू फुटले आणि लगेच त्याने मान खाली घातली.

"मग बोलली का नाहीस?" काकांनी हळूच विचारले.

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली. मग वाटलं, तुम्ही बोलत नाही तोवर ते खरं नाही."

मधवाल्या बाईंना कुठे बघावे कळेना. "एक दुरुस्तीची चिठ्ठी घाला ना आत," त्या घाईने म्हणाल्या. "मला चालेल."

"चिठ्ठी लोक खुणेला वापरतात आणि मग हरवतात," काका म्हणाले. "पानच बदलू. थोडे दिवस द्या."

नव्या पानाचे प्रूफ निघाले तेव्हा काकांनी सवयीने ते काकूंपुढे ठेवले. काकूंनी ते परत सरकवले.

"तुम्ही वाचा."

"तू मोठ्यानं वाच. मी मूळ प्रतीत बघतो."

काकू वाचू लागल्या. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळे तोंडाने म्हणत. मध्येच ओळ निसटली. काकांनी बोट नेऊन तिच्याखाली ठेवले. काकूंनी पुढे वाचले.

मग तिघे कामाला बसले. दाभण जुने पान शिवणीलगत कापून काढी, कापल्याची बारीक पट्टी तेवढी आत राही. काका तिला खळ लावत. काकू नवे पान कडेला कड जुळवून बसवत आणि तळहाताने दाबत. त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. पुस्तके पुढे सरकवताना दाभणची बोटे मात्र दोनदा खळीला चिकटली, तेव्हा काकूंनी त्याला हात नीट धुवायला पाठवले.

ठरल्या दिवशी आलेल्या मधवाल्या बाईंनी प्रत उघडून पुढेमागे चाळली. प्रकाशात धरून पाहिली. "यातलं बदललेलं पान कोणतं?"

"शोधा," काकू म्हणाल्या.

बाईंना ते काही सापडले नाही.

त्या गेल्यावर थोड्याच दिवसांत एक निवृत्त बसड्रायव्हर आपल्या आठवणींची जाडजूड वही घेऊन आला. कागद कसा, पुठ्ठा कसा, सगळे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "माझं अक्षर गचाळ आहे. आणि ऐकलंय, तुमच्याकडं एक बाई फार बारकाईनं वाचतात. त्या आहेत ना अजून?"

काका नुसतेच वहीची पाने उलटत राहिले.

काकू उठल्या. बांधणीच्या खोलीतली एक रिकामी खुर्ची त्यांनी ओढत आणली, आपल्या खुर्चीशेजारी लावली आणि फडक्याने स्वच्छ पुसली. मग टेबलावरचा दिवा उचलून दोन्ही खुर्च्यांच्या मधोमध ठेवला.