वाटीत भिजत पडलेला रेझर

मित्रांनो, मी एक जुना पितळी रेझर आहे. रेझर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तो प्लास्टिकचा, चार दाढ्या झाल्या की कचऱ्यात जाणारा प्राणी आला असेल. त्याच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, बिचाऱ्याचं आयुष्यच तेवढं. पण मी अस्सल पितळेचा आहे, आणि माझ्या दांड्यावर कोरलेल्या बारीक खाचांमुळे ओल्या हातातूनही मी निसटत नाही. थोडा गर्व आहे मला. चकचकणाऱ्यांना तो असतोच.

माझा जन्म एका कारखान्यात, लेथवर झाला. पितळेची कांब गरागरा फिरू लागली, तिला हत्यार टेकलं, आणि कर्कश आवाज करत सोनेरी कीस उडाला. पुढे एका दुकानाच्या काचेच्या कपाटातून बाबांनी मला उचललं. तेव्हा ते कुणाचेच बाबा नव्हते. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा एक काटकुळा तरुण होते. बँडमास्तरांनी पहिल्याच दिवशी त्यांना सुनावलं होतं, "वाजवतोस झकास, पण गालांवर निवडुंग घेऊन माझ्या रांगेत उभं राहायचं नाही!"

बँडवाल्यांना पितळेची कदर असते. रोजची दाढी झाली की बाबा माझे भाग सुटे करत, पातं बाजूला ठेवत, मला कोमट पाण्याने धूत आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने अगदी कोरडं करत. पितळ ओलं राहिलं की हिरवं पडतं, आणि हिरवा रंग भाजीला शोभतो, मला नाही. दर रविवारी ट्रम्पेट, गणवेशाची बटणं आणि मी, अशी आमची तिघांची अंघोळ असे. लिंबाच्या फोडीवर चिमूटभर मीठ घेऊन बाबा आम्हाला झटपट चोळत, लगेच धुऊन पुसत, आणि माझ्या आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावत. ते म्हणत, "पितळ आणि नातेवाईक, दोघांची रोज थोडी थोडी विचारपूस हवी. वर्षभर बघायचं नाही आणि मग एका दिवसात घासायला घ्यायचं, हे दोघांनाही सोसत नाही."

वर्षं गेली. बाबांचं लग्न झालं, चिमी झाली, ती शाळेत गेली, मोठी झाली. चिमीची आई गेली तेव्हा बाबांनी आठवडाभर मला हात लावला नाही, मग एका सकाळी निमूट उचललं. पुढे त्यांचा दम पुरेना. ट्रम्पेट बँडच्या मालकीचा होता, तो परत गेला. गणवेशही गेला. रविवारच्या अंघोळीला मी एकटा उरलो.

मग बाबांचे हात थरथरू लागले.

चिमी आता चाळिशीची आहे, वाचनालयात काम करते. बापावर तिचा भारी जीव. चहा सांडला की ती म्हणे, "द्या बाबा, मी धरते कप." बटण लागेना की म्हणे, "सोडा, मी लावते." एका सकाळी माझं पातं बाबांच्या हनुवटीला लागलं. रक्ताचा एक थेंबच आला, पण चिमीचा चेहरा पांढराफटक पडला. मित्रांनो, ज्या हनुवटीवर इतकी वर्षं मी अलगद फिरलो, तिलाच मी कापलं. मला फार वाईट वाटलं. चिमीने पाती कपाटावर ठेवली आणि मला नळामागच्या ओल्या मगात टाकलं. "आता राहू द्या हं बाबा, यापुढे मी करत जाईन सगळं."

पण दुसऱ्या दिवशी ती साबण घेऊन आली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने न्हाव्याला घरी बोलावलं, तर ते झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. दाढी वाढत गेली. घरासमोरच्या बाकावर बसायला जाणं थांबलं. त्यांच्या बँडमधला ढोलवाला भेटायला आला, तर चिमीला म्हणाले, "या अवताराने कुणापुढे जाऊ? नाही म्हणून सांग." मग जेवणाचं ताटही खोलीतच जाऊ लागलं. इकडे मगात मी काळा-हिरवा पडत होतो. बाबा परत खोलीबाहेर येतील की नाही, या काळजीने चिमीला घास गोड लागत नव्हता.

एका सकाळी तिच्या मनात आलं, बाबांचा रेझर पहिल्यासारखा चमकला तर त्यांचं मन वळेल. लिंबू आणि मीठ तिने लहानपणी पाहिलं होतं. किती वेळ, ते मात्र पाहिलं नव्हतं. थोडं चोळून इतकं होतं, तर भिजवून कितीतरी होईल, असा तिचा साधा हिशोब. वाटीभर लिंबाच्या रसात मीठ घातलं, त्यात कडधान्यासारखं मला भिजत घातलं, आणि ती कामाला निघून गेली.

संध्याकाळी तिने मला बाहेर काढलं, तर मी लालसर गुलाबी! सगळा पिवळेपणा नाहीसा. दिवसभरच्या आंबटाने माझी कातडीच सोलवटून निघाली होती. चिमीने मला घासलं, धुतलं, पुन्हा घासलं, आणि मग ओट्याला टेकून लहान मुलीसारखी रडू लागली.

"बाबा, मी तुमचा रेझर घालवला हो!"

खोलीचं दार उघडलं. वाढलेल्या दाढीतले बाबा स्वयंपाकघरात आले. "रडतेस काय? बघू. किती वेळ ठेवला होतास?"

"सकाळपासून."

"सकाळपासून? अगं, लोणचं घालायचं होतं का त्याचं?"

चिमीला रडता रडता हसू फुटलं. बाबा खुर्चीवर बसले. "खडू आण एक. बारीक कुटून कपड्यातून गाळ. आणि तेलाची बाटली दे."

पूड झाली. चिमीने सवयीने हात पुढे केला. "द्या बाबा, मी घासते. तुमचा हात..."

"थरथरतो, असंच ना? मग घासायला आणखी काय लागतं? मी रेझर नुसता धरतो, बाकीचं हात आपोआप करतो."

चिमीने हात मागे घेतला. हे तिला किती जड गेलं ते मी पाहिलं. बाबा घासत राहिले. त्यांच्या थरथरीचा आज पहिल्यांदाच काही उपयोग होत होता, आणि ते त्यांनाही कळत होतं, कारण ते मधूनच हसत होते. हळूहळू लाली उतरली आणि पिवळी झळाळी वर आली. खाचांमध्ये थोडी लाली राहिली, ती आजही आहे. मला साबणाने धुऊन, कोरडं पुसून बाबांनी डोळ्यांसमोर धरलं. माझ्या चकचकीत माथ्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला.

"हा कोण बुवा येऊन बसलाय?" ते म्हणाले. मग म्हणाले, "चिमे, पातं आण."

"बाबा, तुम्ही..."

"मी नाही. तू कर. मात्र रेझर मी घासलाय, हे विसरायचं नाही."

तिने आधी कात्रीने दाढी कापली, साबणाचा फेस केला, मला उचललं. आता तिचाच हात थरथरत होता.

"घाबरू नकोस. मी गाल फुगवतो, तू वरून खाली ये. दाबू नकोस."

गाल झाले. हनुवटीपाशी येऊन ती थबकली. मागच्या वेळी तिथेच लागलं होतं. तेव्हा बाबांनी मान वर केली, हनुवटी पुढे केली आणि डोळे मिटून घेतले. मित्रांनो, इतक्या वर्षांत आरशात बघितल्याशिवाय बाबांनी ती हनुवटी माझ्या धारेखाली कधीच दिली नव्हती. चिमी आणि मी त्या हनुवटीवरून अलगद उतरलो. टिपूसभरही रक्त आलं नाही.

दुसऱ्या सकाळी बाबा समोरच्या बाकावर जाऊन बसले. आता रविवारी ते मला घासतात आणि चिमी रोज दाढी करते, अशी दोघांची वाटणी आहे.

तेव्हा माझ्यासारखं पितळ तुमच्या घरी असेल, तर त्याला लिंबू दाखवा, पण भिजत घालू नका, आणि ओलं तर मुळीच ठेवू नका. आणि घरात कुणाचे हात थरथरत असतील, तर काळजीपोटी त्यांच्या हातातलं सगळंच काढून घेऊ नका. पातं तेवढं काढून ठेवा. रेझर त्यांच्या हातात राहू द्या.